डेमोक्रसी नाऊ : वर्गणीवर उभा राहिलेला आवाज

अमेरिकेतील नभोवाणीचा इतिहास हा बव्हंशी जाहिरातदारांचा इतिहास आहे. दीर्घ कौटुंबिक मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव मिळाले, तेही अशा श्राव्य मालिकांचे प्रायोजकत्व साबणाच्या कारखानदारांकडे असे म्हणून. जो पैसे देतो त्याच्या पसंतीचे कार्यक्रम होतात, हा तेथील रुळलेला नियम. या नियमाला अपवाद ठरलेला एक दैनिक राजकीय कार्यक्रम १९ फेब्रुवारी १९९६ रोजी नऊ केंद्रांवरून सुरू झाला. त्याचे नाव ‘डेमोक्रसी नाऊ’. निवडणुकीच्या वर्षापुरता योजलेला हा तासाभराचा कार्यक्रम आज तीन दशकांनंतरही चालू आहे. अमेरिकेत व अमेरिकेबाहेर मिळून सुमारे दीड हजार नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रे तो घेतात. पुरोगामी विचारांच्या राजकीय नभोवाणीचे अनेक प्रयोग अमेरिकेत झाले आणि विरले. हाच एक का टिकला, याचे उत्तर त्याच्या विचारसरणीत जितके आहे त्याहून अधिक त्याच्या अर्थव्यवहारात आहे.

पॅसिफिकाचा वारसा

या कार्यक्रमाचा जन्म पॅसिफिका या संस्थेच्या कुशीत झाला. दुसऱ्या महायुद्धात सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे जे तरुण होते, त्यांपैकी लुईस हिल हे एक. पुढे ते वॉशिंग्टनमध्ये नभोवाणीवर बातम्या वाचत. जाहिरातीवर चालणाऱ्या केंद्रात सत्य सांगण्याला मर्यादा पडतात, या निष्कर्षाला ते आले आणि १९४६ मध्ये त्यांनी पॅसिफिका प्रतिष्ठानाची स्थापना केली. १५ एप्रिल १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘केपीएफए’ हे केंद्र सुरू झाले. जाहिरात नाही, सरकारी अनुदान नाही, श्रोत्यांनी स्वखुशीने वर्गणी द्यावी आणि तीवर केंद्र चालावे, अशी ही कल्पना होती. ऐकणाऱ्यांपैकी शंभरात दोघांनी जरी वर्गणी भरली तरी केंद्र तगेल, असा हिल यांचा हिशेब होता. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनी फुकट ऐकावे, याला त्यांची हरकत नव्हती.

पुढे लॉस एंजेलिस (१९५९), न्यूयॉर्क (१९६०), ह्यूस्टन (१९७०) व वॉशिंग्टन (१९७७) येथे पॅसिफिकाची केंद्रे निघाली. ही वाट सोपी नव्हती. ह्यूस्टन येथील केंद्राचे प्रक्षेपण यंत्र सुरुवातीच्या वर्षातच दोनदा बॉम्बस्फोटाने उद्ध्वस्त करण्यात आले. त्या प्रकरणी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या एका सदस्याला शिक्षा झाली. न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूबीएआय’ केंद्राने जॉर्ज कार्लिन या विनोदकाराचे अपशब्दांवरील भाषण १९७३ मध्ये प्रसारित केले. त्यावरून झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी पॅसिफिकाच्या विरोधात निकाल लागला. सत्तेशी व संकेतांशी झगडणे हा या संस्थेच्या स्वभावाचाच भाग होता.

दोन निर्णय आणि बदललेली हवा

१९९६ साली अशा कार्यक्रमाची गरज का भासली, हे समजण्यासाठी दोन सरकारी निर्णय लक्षात घ्यावे लागतात. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा करताना भिन्न मतांना वाव दिला पाहिजे, असे बंधन १९४९ पासून अमेरिकेतील परवानाधारक केंद्रांवर होते. ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ या नावाने ओळखले जाणारे हे बंधन संघीय दळणवळण आयोगाने १९८७ मध्ये काढून टाकले. संगीताचा श्रोता तोवर एफएमकडे वळला होता आणि मध्यमलहरींवरील केंद्रांना स्वस्तात चालणारा मजकूर हवा होता. एक माणूस, एक ध्वनिक्षेपक आणि श्रोत्यांचे दूरध्वनी एवढ्यावर तीन-तीन तास चालणारी राजकीय बडबड त्यांच्या पथ्यावर पडली. १९८८ मध्ये रश लिंबॉ यांचा उजव्या विचारांचा कार्यक्रम देशभर ऐकू जाऊ लागला आणि बघता बघता मध्यमलहरींचे राजकारण एकाच कुशीवर वळले.

दुसरा निर्णय दूरसंचार कायद्याचा. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. पूर्वी एका कंपनीला देशभरात चाळीसपेक्षा अधिक नभोवाणी केंद्रांची मालकी घेता येत नसे. नव्या कायद्याने ही देशव्यापी मर्यादा उठवली. त्यानंतर काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एकट्या कंपनीच्या हाती बाराशेहून अधिक केंद्रे आली. या स्वाक्षरीनंतर अवघ्या अकरा दिवसांनी ‘डेमोक्रसी नाऊ’चे पहिले प्रसारण झाले. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. केंद्रे थोड्या हातांत एकवटत असताना विखुरलेल्या, छोट्या, वर्गणीवर जगणाऱ्या केंद्रांची मोट बांधण्याचा हा प्रयत्न होता.

गुडमन आणि गोन्झालेस

कार्यक्रमाचा चेहरा, किंबहुना आवाज, म्हणजे अॅमी गुडमन. हार्वर्ड विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकलेल्या गुडमन १९८०च्या दशकाच्या मध्यास ‘डब्ल्यूबीएआय’मध्ये आल्या आणि तेथील वृत्तविभागाची धुरा त्यांनी सुमारे दहा वर्षे सांभाळली. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी पूर्व तिमोरची राजधानी दिली येथे सांताक्रूझ दफनभूमीकडे निघालेल्या शांततामय मिरवणुकीवर इंडोनेशियाच्या सैन्याने गोळीबार केला. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. गुडमन व त्यांचे सहकारी पत्रकार अॅलन नेर्न तेथे हजर होते. सैनिकांनी दोघांनाही बेदम मारहाण केली. नेर्न यांची कवटी फुटली. इंडोनेशियाला शस्त्रे पुरवणाऱ्या देशाचे ते नागरिक होते, याचा त्यांच्या वाचण्याशी संबंध असावा, असे गुडमन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मोठ्या वाहिन्यांनी दुर्लक्षिलेल्या ठिकाणी जाऊन तेथील माणसांनाच बोलू द्यायचे, ही त्यांच्या पत्रकारितेची दिशा येथे पक्की झाली.

त्यांचे दीर्घकाळचे सहनिवेदक हुआन गोन्झालेस यांची पार्श्वभूमी वेगळी. प्वेर्तो रिकोत जन्मलेले गोन्झालेस १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील ‘यंग लॉर्ड्स’ या लढाऊ युवक संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते. नंतर ‘डेली न्यूज’ या खपाच्या दैनिकात त्यांनी अनेक वर्षे स्तंभलेखन केले. चळवळीतला माणूस आणि व्यावसायिक वार्ताहर या दोहोंचा संगम त्यांच्यात होता. एकाच वेळी रस्त्यावरची भाषा आणि कागदपत्रांची शिस्त या कार्यक्रमाला लाभली, ती अशा माणसांमुळे.

पहिली पाच वर्षे

न्यू हॅम्पशायर राज्यातील प्राथमिक निवडणुकीच्या आदल्या दिवशी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मतमोजणीच्या अंदाजांऐवजी मतदारांचे प्रश्न मांडावेत, असा त्यामागील विचार होता. नोव्हेंबरमध्ये निवडणूक संपली, पण केंद्रांची मागणी संपली नाही. श्रोत्यांना हा तास हवा होता. म्हणून तो चालू राहिला.

या धोरणाची किंमत लौकरच मोजावी लागली. पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल त्या वेळी मृत्युदंडाच्या छायेत असलेले कृष्णवर्णीय पत्रकार मुमिया अबू-जमाल यांची तुरुंगातून केलेली भाष्ये प्रसारित करण्याचे फेब्रुवारी १९९७ मध्ये ठरले. त्याच भाष्यांची मालिका ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ने १९९४ मध्ये ऐनवेळी रद्द केली होती. प्रसारण सुरू होताच फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाच्या केंद्राने पॅसिफिकाशी असलेला करार मोडला आणि पेनसिल्व्हेनियातील बारा केंद्रांवरून ‘डेमोक्रसी नाऊ’ एका फटक्यात बंद झाला. अबू-जमाल दोषी की निर्दोष, हा वाद वेगळा. त्यांचा मृत्युदंड पुढे रद्द होऊन जन्मठेपेत बदलला. परंतु शिक्षा झालेल्या माणसाला बोलू द्यावे की नाही, या प्रश्नावर बारा केंद्रे गमावण्याची तयारी या कार्यक्रमाने दाखवली, ही नोंद महत्त्वाची.

१९९८ मध्ये गुडमन व तरुण वार्ताहर जेरेमी स्केहिल नायजेरियातील तेलसमृद्ध त्रिभुज प्रदेशात गेले. शेव्हरॉन कंपनीच्या समुद्रातील तळावर ठाण मांडून बसलेल्या ग्रामस्थांपैकी दोघांना तेथील सुरक्षा दलांनी ठार केले होते. ही दले कंपनीने पुरवलेल्या हेलिकॉप्टरांतून नेण्यात आली, याची कबुली कंपनीच्या प्रवक्त्याने या पत्रकारांच्या ध्वनिमुद्रकासमोर दिली. या वार्तापटाला जॉर्ज पोक पुरस्कार मिळाला. ग्रामस्थांनी अमेरिकेत भरलेल्या दाव्यात मात्र डिसेंबर २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

७ नोव्हेंबर २००० रोजी, मतदानाच्या दिवशी, खुद्द अध्यक्ष क्लिंटन यांचा दूरध्वनी ‘डब्ल्यूबीएआय’मध्ये आला. अल गोर आणि सिनेटची निवडणूक लढवत असलेल्या हिलरी क्लिंटन यांच्यासाठी दोन मिनिटे आवाहन करावे, एवढाच त्यांचा हेतू होता. दोन्ही पक्ष बड्या कंपन्यांनी विकत घेतले आहेत असे ज्यांना वाटते, त्यांना आपण काय सांगाल, असे गुडमन यांनी विचारले. मग इराकवरील निर्बंध, मृत्युदंड, तुरुंगात असलेले आदिवासी नेते लेनर्ड पेल्टिएर असे प्रश्न येत गेले. सुमारे अर्धा तास हे संभाषण चालले आणि क्लिंटन यांनी गुडमन यांचे प्रश्न शत्रुत्वाचे व अनादराचे असल्याची तक्रार केली. पण दूरध्वनी ठेवला नाही. पेल्टिएर यांना क्लिंटन यांनी माफी दिली नाही. त्यांची शिक्षा गृहबंदिवासात बदलण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष जो बायडन यांनी पद सोडताना घेतला.

घरातलाच संघर्ष

बाहेरच्या दडपणाला तोंड देणे या कार्यक्रमाला जमले होते. खरी कसोटी लागली ती घरातच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पॅसिफिकाच्या मध्यवर्ती मंडळाने केंद्रांवरील पकड घट्ट करण्यास सुरुवात केली. जुलै १९९९ मध्ये बर्कलीच्या केंद्राला टाळे लागले, तेव्हा हजारो श्रोते रस्त्यावर उतरले. डिसेंबर २००० मध्ये, नाताळच्या तोंडावर, न्यूयॉर्कच्या केंद्राची कुलपे एका रात्रीत बदलण्यात आली आणि तेथील व्यवस्थापकांना काढून टाकण्यात आले. जानेवारी २००१ मध्ये गोन्झालेस यांनी चालू प्रसारणातच राजीनामा जाहीर केला आणि मंडळाविरुद्धच्या मोहिमेत उडी घेतली. ऑगस्टमध्ये गुडमन व त्यांचे सहकारी केंद्र सोडून बाहेर पडले.

त्यांना आसरा मिळाला तो मॅनहॅटनच्या चायनाटाउन भागातील एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत. तेथे सामुदायिक दूरचित्रवाणीचे काम करणारी एक संस्था होती. पॅसिफिकाची बहुतेक केंद्रे बंद झाल्याने श्रोते घटले, पण या इमारतीत कॅमेरे होते. नभोवाणीचा कार्यक्रम बोलता बोलताच चित्रित करावा आणि नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या केबल वाहिन्यांना द्यावा, ही कल्पना येथे आकाराला आली. हद्दपारीतून विस्ताराचा मार्ग निघाला तो असा.

डिसेंबर २००१ मध्ये पॅसिफिकातील वाद न्यायालयीन तडजोडीने मिटला, नवे मंडळ आले आणि जानेवारीत कार्यक्रम पुन्हा सर्व केंद्रांवर गेला. मात्र झाल्या प्रकारापासून धडा घेऊन जून २००२ मध्ये ‘डेमोक्रसी नाऊ’ने स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून नोंदणी केली. यापुढे पॅसिफिका हे त्याचे घर राहिले नाही; ती अनेक प्रसारकांपैकी एक झाली. हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता, हे नंतर दिसले. पॅसिफिका कर्जाच्या गर्तेत सापडत गेली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिच्याच व्यवस्थापनाने ‘डब्ल्यूबीएआय’चे स्थानिक कार्यक्रम काही आठवडे बंद पाडले. ‘डेमोक्रसी नाऊ’ त्या पडझडीत गाडला गेला नाही.

११ सप्टेंबर आणि इराक

११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले तेव्हा अग्निशमन केंद्राची ती इमारत पोलिसांनी रिकाम्या करवून घेतलेल्या भागात आली. एकदा बाहेर पडल्यास परत येता येईल याची शाश्वती नव्हती. कर्मचारी आतच राहिले आणि प्रसारण चालू ठेवले. देशभर सूडाची भाषा बोलली जात असताना, आप्त गमावलेले आणि तरीही युद्ध नको म्हणणारे लोक या कार्यक्रमात बोलले.

इराक युद्धापूर्वीच्या महिन्यांत या वेगळेपणाला धार आली. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या ५ फेब्रुवारी २००३ रोजीच्या संयुक्त राष्ट्रांतील भाषणाच्या आगेमागे दोन आठवडे चार प्रमुख वाहिन्यांच्या सायंबातम्यांत इराकबद्दल बोललेल्या ३९३ व्यक्तींची मोजणी ‘फेअर’ या माध्यमनिरीक्षक संस्थेने केली. त्यांत युद्धविरोधी चळवळीचे अवघे तीन जण आढळले. त्याच महिन्यात ‘एमएसएनबीसी’ने फिल डॉनह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. ज्या नागरिकांना हे युद्ध पटत नव्हते, त्यांना आपला आवाज ऐकण्यासाठी दुसरे दार शोधावे लागले. या काळात कार्यक्रम घेणाऱ्या केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली. ‘फ्री स्पीच टीव्ही’ व ‘लिंक टीव्ही’ या उपग्रह वाहिन्यांमुळे आणि इंटरनेटवरील ध्वनिफितींमुळे, जेथे एकही अनुकूल केंद्र नव्हते त्या गावांतही तो पोहोचला.

मार्च २००४ मध्ये हैतीचे पदच्युत अध्यक्ष झ्याँ-बेर्त्राँ आरिस्तिद यांना मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातून परत आणण्यासाठी गेलेल्या शिष्टमंडळासोबत गुडमन विमानात होत्या. आपण राजीनामा दिला नसून आपल्याला पळवून नेण्यात आले, हे आरिस्तिद यांचे म्हणणे अमेरिकी श्रोत्यांनी सविस्तर ऐकले ते तेथून. सप्टेंबर २००८ मध्ये सेंट पॉल येथील रिपब्लिकन अधिवेशनाबाहेर पोलिसांनी कार्यक्रमाच्या दोन निर्मात्यांना आणि त्यांची चौकशी करायला गेलेल्या गुडमन यांना अटक केली. आरोप टिकले नाहीत. २०११ मध्ये एक लाख डॉलर भरपाईवर दावा मिटला. २०१६ मध्ये नॉर्थ डाकोटात तेलवाहिनीला विरोध करणाऱ्या आदिवासींवर खासगी रक्षकांनी कुत्रे सोडल्याचे चित्रण त्यांनी केले. ते लक्षावधी लोकांनी पाहिले. त्यांच्यावर दंगलीचा आरोप ठेवण्याचा सरकारी वकिलांचा प्रयत्न १७ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायाधीशांनी फेटाळला.

दुसरा प्रयोग का फसला?

याच काळातील दुसऱ्या प्रयोगाशी तुलना उद्बोधक ठरते. ३१ मार्च २००४ रोजी ‘एअर अमेरिका’ हे पुरोगामी नभोवाणी जाळे मोठ्या गाजावाजात सुरू झाले. लिंबॉ यांना त्यांच्याच पद्धतीने उत्तर द्यायचे, हा त्याचा संकल्प. विनोदकार अल फ्रँकेन हे त्याचे आकर्षण. ते पुढे सिनेटर झाले. रॅचेल मॅडो यांच्या कारकिर्दीलाही येथेच बळ मिळाले. गुणवत्तेचा तुटवडा नव्हता. पण हे जाळे जाहिरातीच्या उत्पन्नावर आणि गुंतवणूकदारांच्या भांडवलावर बेतलेले होते. बड्या कंपन्यांवर टीका करणाऱ्या कार्यक्रमांना त्याच कंपन्यांच्या जाहिराती मिळाव्यात, ही अपेक्षाच मुळात अवघड होती. ऑक्टोबर २००६ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि जानेवारी २०१० मध्ये ती बंद पडली.

‘डेमोक्रसी नाऊ’ जाहिराती, कंपन्यांचे प्रायोजकत्व अथवा सरकारी निधी घेत नाही. श्रोत्यांच्या देणग्या आणि प्रतिष्ठानांचे साहाय्य यांवर तो चालतो. त्यामुळे भव्य पगार नाहीत, झगमगाट नाही. पण एखादा जाहिरातदार रुसला म्हणून विषय सोडावा लागत नाही. शिवाय तो कोणत्याही उमेदवाराच्या विजयाशी बांधलेला नाही. क्लिंटन, बुश, ओबामा, ट्रम्प, बायडन या साऱ्यांच्या काळात त्याचे प्रश्न तेच राहिले.

आक्षेप

कार्यक्रमावर आक्षेप नाहीत असे नव्हे. पाहुण्यांची निवड एकाच बाजूला झुकलेली असते आणि पत्रकारिता व चळवळ यांतील सीमारेषा पुसट होते, अशी टीका होते. डाव्या वर्तुळातील काही भूमिकांना येथे पुरेसे उलटप्रश्न विचारले जात नाहीत, असेही म्हटले जाते. या टीकेत तथ्यांश आहे. विरोधी बाजूला उत्तर देण्याची संधी मिळाली तरी तिचा सूर येथे क्वचितच प्रधान असतो. मात्र आपली बाजू न लपवता ती बोलून दाखवणारा कार्यक्रम आणि तटस्थतेच्या नावाखाली ३९३ पैकी तिघांनाच बोलू देणारी वाहिनी, यांत श्रोत्याची दिशाभूल कोण अधिक करते, हाही प्रश्न आहेच.

आपल्याकडील संदर्भ

२००८ मध्ये गुडमन यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ हा स्वीडनमधील सन्मान मिळाला. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. १९९१ मध्ये तोच पुरस्कार बाबा आमटे, मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाला देण्यात आला होता.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा ऐतिहासिक निर्वाळा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला; न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठाचे प्रमुख होते. ‘डेमोक्रसी नाऊ’ सुरू होण्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट. त्यानंतर खासगी एफएम केंद्रे आली, २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी खुली झाली, सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या ठिकाणी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ने स्थानिक स्त्रियांना बोलते केले. परंतु स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा खासगी वा सामुदायिक केंद्रांना मिळाली नाही. खासगी एफएमला आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्यापुरतीच सवलत मिळाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये खासगी केंद्रांना तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी, अशी शिफारस केली. लहरी जनतेच्या आहेत हे न्यायालयाने मान्य केले, तरी त्यांवरून राजकारण बोलण्याचा हक्क जनतेकडे आलेला नाही.

लुईस हिल यांचा हिशेब शंभरात दोघांचा होता. ‘डेमोक्रसी नाऊ’ने तो सत्तर-पाऊणशे वर्षांनंतरही खरा करून दाखवला आहे. स्वतंत्र आवाजाला फार मोठा जमाव लागत नाही. दरमहा आठवणीने वर्गणी पाठवणारे थोडे लोक आणि तो आवाज उमटू देणारा कायदा, एवढे लागते. यांपैकी पहिली गोष्ट श्रोत्यांच्या हाती आहे. दुसरी मिळवावी लागते.